घरपट्टीवरचे नाव

बेळगाव-शहापुरातल्या जुन्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "घरपट्टी आमच्या नावावर येते, मग घर कोणाचे?" बोलणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. आम्हीही ते वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आणि खरे मानत आलो. आमचे आजोबा १९६८ साली गेले, तेव्हा शहापुरातल्या घराच्या घरपट्टीला थोरल्या काकांचे नाव लागले. काकांनी एक वर्षही थकबाकी राहू दिली नाही. सगळ्या पावत्या वर्षवार लावून सुतळीने बांधून ठेवल्या. पन्नास वर्षांनी घर विकायचे ठरले, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलांनी तो गठ्ठा आदराने बाजूला ठेवला आणि विचारले, "आजोबांकडून काकांकडे हे घर आले ते कोणत्या कागदाने?" तसा कागद नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला आमच्या भागातल्या जमीनजुमल्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात शिरावे लागले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. कर कोण भरतो हा एक प्रश्न आहे आणि मालक कोण हा दुसरा. हे दोन प्रश्न वेळोवेळी एकमेकांत मिसळले गेले, आणि जेव्हा मिसळले तेव्हा कोणाचा तरी हक्क बुडाला. आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत असा एखादा गठ्ठा असणार, म्हणून हे लिहीत आहोत.

सनदेचा काळ

पेशवाईत जमिनीचा किंवा वाड्याचा हक्क सांगायचा तर पहिला प्रश्न असे : दिले कोणी? इनाम असेल तर सनद दाखवायची, वतन असेल तर वतनपत्र. शेतकऱ्यांत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची कराराची. वाद झाला तर गोतसभा बसे, गावचे पाटील-कुलकर्णी, शेजारी, बलुतेदार साक्ष देत आणि निवाड्याचा महजर होई. कागदाला मान होता, पण कागद नसला तरी चार माणसांची आठवण आणि पिढ्यांची वहिवाट उपयोगी पडे.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. लगतचे शहापूर मात्र पटवर्धनांच्या सांगली संस्थानाकडेच राहिले. आज शहापूर आणि बेळगाव यांमधली सीमा कोणाला दिसत नाही, पण जुन्या कागदांत ती ठळक आहे. बेळगावचे कागद मुंबई इलाख्याचे आणि शहापूरचे संस्थानी. जुने घर घेणाऱ्याने किंवा सांभाळणाऱ्याने पहिली विचारणा हीच करावी, की कागद झाला त्या वर्षी इथे राज्य कोणाचे होते. कोणता कायदा लागू होता आणि कोणत्या दप्तरात शोध घ्यायचा, हे त्यावर ठरते.

इनाम चौकशी

इंग्रजांना सारा हवा होता, आणि इनाम जमिनी साऱ्यातून सुटलेल्या होत्या. दक्षिण महाराष्ट्र या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या आपल्याच मुलखात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप मिळाले. ज्यांच्या घरी सनद नीट होती ते तरले. ज्यांची सनद वाळवीने, आगीने किंवा भाऊबंदकीने गेली होती, त्यांना पिढ्यांची वहिवाट पुरली नाही आणि त्यांच्या जमिनींना सारा लागला.

या असंतोषाचे टोक नरगुंदला दिसले. दत्तक नामंजूर झाल्याने दुखावलेले संस्थानिक भास्करराव तथा बाबासाहेब भावे १८५८ मध्ये उठले. त्यात मारला गेलेला चार्ल्स मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनातच काम केलेला अधिकारी होता. बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. पुढे १८६३ च्या कायद्यांनी सरकारने तडजोड केली. ठरावीक सलामी भरायला कबूल असलेल्यांची इनामे पुढच्या खोल चौकशीशिवाय वारसांना चालू ठेवता येऊ लागली. कागद घरात असणे आणि कागद योग्य वेळी दाखवता येणे, या दोन्हींची किंमत आपल्या पूर्वजांना तेव्हा कळली.

सारा भरणाऱ्याचे नाव

त्याच काळात दुसरे एक काम चालू होते, आणि घरपट्टीवरच्या नावाचे मूळ त्यात आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि आकारणीची पद्धत बसवली. तीच पुढे इलाखाभर गेली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, आकार ठरला, तो बहुधा तीस वर्षांसाठी कायम झाला. नंबरापुढे खातेदाराचे नाव लिहिले गेले.

खातेदार म्हणजे कोण? सरकारपुरते उत्तर सोपे होते : सारा भरायला जो जबाबदार तो. एकत्र कुटुंबात ते नाव थोरल्या भावाचे पडे. बाकीचे भाऊ, विधवा भावजय, जमीन कसणारे कूळ आणि गहाण ठेवून घेतलेला सावकार यांची नावे त्या वहीत येण्याचे कारणच नव्हते, कारण वही वसुलीची होती. पण दोन पिढ्यांनी लोक त्याच वहीकडे मालकीचा पुरावा म्हणून बोट दाखवू लागले.

ही उणीव सरकारलाही जाणवली. म्हणून १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्यातल्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात घातल्या गेल्या. वाटण्या, वारसा, गहाण, कुळाचा हक्क यांची वर्दी द्यायची, तलाठ्याने फेरफार लिहायचा (जुनी माणसे त्याला डायरी म्हणतात), हितसंबंधितांना नोटीस काढायची आणि हरकत नसेल तर नोंद मंजूर करायची, ही पद्धत तेव्हाची. आपण ज्याला 'उतारा' म्हणतो तो तिचाच वारस.

इतके होऊनही उतारा हा मालकी देणारा कागद झाला नाही. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच त्याचे वजन. शहरातली घरपट्टी किंवा आजचा 'खाता' यांचेही तसेच. खाता म्हणजे कर भरण्यासाठी उघडलेले खाते. आता कर्नाटकातल्या शहरांत ई-खात्याशिवाय दस्त नोंदवून घेत नाहीत, म्हणून तो लागतोच. पण तो मालकी निर्माण करत नाही. मालकीला फेरफार पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

नोंदणी कशाची होते?

मग मालकी कोठून येते? हस्तांतराच्या कागदातून किंवा वारशातून. १८६४ च्या नोंदणी कायद्याने शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराचे दस्त नोंदवणे सक्तीचे झाले. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला, आणि सध्या चालू असलेला नोंदणी कायदा १९०८ चा आहे. शंभर रुपयांची ती मर्यादा दीडशे वर्षांनंतरही बदललेली नाही. म्हणजे आज कुठलेही घर नोंदलेल्या खरेदीखताशिवाय विकत घेता येत नाही. संचकारपत्र म्हणजे खरेदीचा करार, खरेदी नव्हे. नुसत्या वटमुखत्यारपत्रावर आणि पैसे दिल्याच्या पावतीवर घर घेतलेल्यांना २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अशाने मालकी मिळत नाही.

इथे आणखी एक गैरसमज असतो. "रजिस्टर झाले म्हणजे सरकारने तपासले." दुय्यम निबंधक सही करणाऱ्याची ओळख आणि कबुली पाहतो, मुद्रांक पाहतो आणि दस्ताची प्रत दप्तरी ठेवतो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता की नाही, हे तो ठरवत नाही. आपल्याकडे नोंद दस्ताची होते, मालकीची हमी मिळत नाही. म्हणून वकील मागच्या कागदांची साखळी मागतात आणि बोजा दाखला, म्हणजे आपल्याकडे ज्याला ईसी म्हणतात तो, काढायला सांगतात. ईसीतही नोंदलेलेच व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी, नोंदणी न केलेले मृत्युपत्र किंवा न्यायालयातला दावा त्यात दिसेलच असे नाही.

राज्ये बदलली, कागद राहिले

१९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि शहापूर बेळगावशी एका राज्यात आले. पाठोपाठ वतने आणि इनामे गेली. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा आणि वैयक्तिक इनामे रद्द करणारा १९५२ चा. शंभर वर्षांपूर्वी ज्या सनदांसाठी लोक जिवावर उदार झाले, त्या आता इतिहासाच्या वस्तू झाल्या. सनद जपावी, पण तिच्या बळावर आज जमीन मागता येते असे कोणी सांगितले तर सावध राहावे. इनाम रद्द झाल्यावर ती जमीन कोणाच्या नावे आणि कोणत्या अटींवर राहिली, तो आदेश महत्त्वाचा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एका घराची शेती मुंबई राज्यात आणि राहते घर म्हैसुरात, असे कितीतरी कुटुंबांचे झाले. एकीकडे सात-बारा, दुसरीकडे आर.टी.सी. मागचे कागद मोडीत, मधले बाळबोध मराठीत, पुढचे कन्नडमध्ये. घरातल्या तीन पिढ्यांना आपल्याच घराचे सगळे कागद सलग वाचता येत नाहीत, ही आमच्या भागातली नित्याची अडचण आहे. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. लिप्यंतर करून घ्यायचे तर ते आहेत तोवर करून घ्यावे.

शेतीच्या बाबतीत आणखी एक तारीख आहे. म्हैसूरचा भूसुधारणा कायदा १९६१ चा. त्यातल्या दुरुस्तीने १ मार्च १९७४ रोजी कुळाकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून त्या आपल्या नावे मागितल्या. कसणाऱ्याला न्याय मिळाला आणि गावाबाहेर राहणाऱ्या पुष्कळ मराठी घरांची शेती गेली, ही दोन्ही विधाने खरी आहेत. तिथेही कसोटी कागदाची लागली. पैसे भरणारा कोण यापेक्षा कसणारा कोण, हे भू-न्यायमंडळापुढे सिद्ध करायचे होते. आज असे शेत घ्यायचे झाले तर न्यायमंडळाचा आदेश आणि त्यातल्या विक्रीच्या अटी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बिगरशेती परवानगी नसलेल्या जमिनीतले गुंठे घेणाऱ्यांनाही हेच सांगणे. कँटोन्मेंट हद्दीतल्या बंगल्यांत जमीन सरकारची आणि वरची इमारत तेवढी धारकाची असू शकते, तेही आधी विचारावे.

आत्यांचा हिस्सा

आता आमच्या घराकडे येतो. शोधाशोध केल्यावर आजोबांचे १९३१ चे खरेदीखत मिळाले, मोडीतले, संस्थानी शिक्क्याचे. घर वडिलोपार्जित नव्हते, आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले होते. मृत्युपत्र नव्हते. वकिलांनी वारस विचारले. आम्ही तीन नावे सांगितली : थोरले काका, आमचे वडील, धाकटे काका. ते म्हणाले, "आणि मुली?"

आम्ही म्हणालो, की मुलींचा हक्क तर २००५ पासून आला. अनेकांचा असाच समज असतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलासारखा हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने. त्याआधी १९९४ मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने अविवाहित मुलींपुरता तो दिला होता. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदलेल्या किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

पण स्वकष्टार्जित मालमत्तेची गोष्ट वेगळी आहे. तिथे मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला आहे. म्हणजे १९६८ मध्ये आजोबांनी डोळे मिटले त्या क्षणी आजी, तीन मुलगे आणि दोन मुली असे सहा मालक झाले होते. पुढे आजी गेल्यावर तिचा वाटा पाच मुलांत आला. पन्नास वर्षे घरपट्टी भरणारे काका एक पंचमांशाचे मालक होते. सहहिस्सेदारांपैकी एकाने कर भरला तर तो सर्वांच्या वतीने भरला असेच धरतात. त्याने भरलेल्या रकमेचा हिशेब जरूर मागावा, पण बाकीच्यांचा हक्क त्यामुळे संपत नाही.

थोरली आत्या निपाणीला होती, ती वारली होती. तिचा वाटा आता तिच्या मुलांचा. धाकटी आत्या फोंड्याला. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे मुलगा-मुलगी वारशात सारखेच. तिच्या नणंदांना माहेरचा वाटा मिळालेला तिने पाहिला होता. स्वतःच्या माहेरी मात्र तिला कोणी काही विचारले नव्हते, आणि तिनेही कधी विषय काढला नव्हता.

विक्री आणि कर

घर विकताना करांचा प्रश्न येतो. जुन्या कागदांत काही घरांना मृत्युकर भरल्याचे दाखले सापडतील. तो कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये गेला. आज वारशाने घर मिळाले यावर कर नाही. ते विकले की भांडवली नफ्यावर आयकर येतो, आणि तो प्रत्येक हिस्सेदाराने आपापल्या वाट्यावर भरायचा. घर २००१ पूर्वी घेतलेले असेल तर खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल करून ठेवावा. आजोबांचा काळही आपल्याच ताब्याच्या काळात मोजला जातो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दर साडेबारा टक्के आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा हिशेब करून, दोहोंतला कमी येणारा कर भरता येतो. घराच्या नफ्यातून ठरल्या मुदतीत दुसरे घर घेतले तर सूट आहे.

घेणाऱ्याचीही कर्तव्ये आहेत. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर त्याने १ टक्का कर कापून सरकारात भरायचा. विकणाऱ्यांपैकी कोणी परदेशस्थ असेल तर त्याच्या वाट्याला ही ५० लाखांची मर्यादा नाही आणि कपात पुष्कळ जास्त होते. कमी कपातीचा दाखला त्याने व्यवहाराआधी काढावा. हल्ली प्रत्येक घरातले एक तरी मूल परदेशी आहे, म्हणून हे लक्षात ठेवावे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. किंमत कागदावर कमी दाखवण्याची जुनी सवयही आता अंगाशी येते. सरकारी मूल्यांकनापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी किंमत लिहिली, तर विकणाऱ्याचा कर सरकारी मूल्यांकनावर धरतात आणि फरक घेणाऱ्याचे उत्पन्न ठरू शकतो. हे नियम बदलत असतात, म्हणून व्यवहाराच्या वर्षी सनदी लेखापालांना विचारूनच पाऊल टाकावे.

शेवटी सही

आमच्या घराच्या खरेदीखतावर शेवटी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्या. त्याआधी एका भावाने सुचवले होते, की आत्यांकडून हक्कसोडपत्र घेऊन टाकू. हक्कसोडपत्र बेकायदा नाही. पण आपण काय सोडतो आहोत हे सही करणाऱ्याला आधी कळले पाहिजे, ते स्वखुशीने झाले पाहिजे आणि रीतसर नोंदले पाहिजे. आम्ही काकांबरोबर फोंड्याला गेलो. काकांनी पावत्यांचा गठ्ठा आणि मोडी खरेदीखताचे लिप्यंतर आत्यापुढे ठेवले. तिने लिप्यंतर दोनदा वाचले. मग म्हणाली, "दादा, तू घर राखलेस, तुझे पैसे आधी काढून घे. मला वाटा मिळो न मिळो. पण इतक्या वर्षांत मला एकदा विचारायला हवे होते."

काकांना उत्तर देता आले नाही. त्यांनी वाईट हेतूने काही केले नव्हते. वसुलीच्या वहीत एकच नाव लिहायची जी पद्धत इंग्रजांनी घातली, तिलाच आमच्या घराने न्याय समजले होते. पुढे काकांनी भरलेल्या घरपट्टीची आणि दुरुस्तीची रक्कम आधी वळती केली आणि बाकीचे पाच सारखे वाटे झाले.

गणपतीत सगळी भावंडे, सुना, लेकीबाळी एका घरात जमतात. आरतीनंतर एक दुपार घरातले कागद उघडून बसावे असे आम्हाला वाटते. मूळ खरेदीखत कोठे आहे, आजोबा-पणजोबांचे मृत्यूचे दाखले आहेत का, वारसांची पूर्ण नावे कोणती, उताऱ्यावर आणि खात्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे राहिले, हे एका वहीत लिहावे. ज्यांना मृत्युपत्र करायचे आहे त्यांनी दोन साक्षीदारांसमोर ते करावे. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरे. वाटणी झालेली असेल तर तिचा कागद करावा. हे सगळे थोरली माणसे सांगू शकतात तोवरच सोपे असते. आणि यादी करताना लेकींची नावे पहिल्या पानावर घालावीत.